सहाव्या दिवशीची घागर

माझ्या ह्या हकिकतीला अनुभव म्हणावं की नाही, इथूनच मला शंका आहे. कोणाला दृष्टांत होतो, कोणाच्या स्वप्नात देव येऊन बोलतो. माझ्या स्वप्नात त्या दिवसांत फक्त दवाखान्यातली रांग यायची आणि माझा नंबर येईपर्यंत मी जागी व्हायचे. मी फार थकले होते. दुखण्याने थकले, औषधांनी थकले, आणि "आता बरं वाटते ना?" ह्या प्रश्नाला उत्तरं देऊन देऊन तर पार थकले. तरी जे झालं ते लिहून ठेवते. वाचणाऱ्याने त्याला काय नाव द्यायचं ते द्यावं.

आम्ही आंधळगावचे कोष्टी. पुढच्या खोलीत दोन हातमाग आहेत. एक चालतो, दुसऱ्यावर आता कपड्यांच्या घड्या ठेवतो. हे मागावर बसतात, मी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून देते. घरात तिसऱ्या म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. भाऊजी गेल्यापासून घराचा कारभार त्यांच्याकडेच आहे, आणि खरं म्हणजे ते असतानाही होता.

गावाबाहेर कडुलिंबाखाली आमची देवी, मातामाय, आहे. चैत्रात ऊन चढलं की मातामायचं अंग तापतं, म्हणून नऊ दिवस सकाळी तिला आमच्या घरून पाणी जातं. फार मागे गावात देवीची साथ आली होती, घरातली पोरं एकामागून एक गेली, एकच वाचलं. ते माझे आजेसासरे. तेव्हापासूनचा हा नवस आहे. डोक्यावर घागर, हातात गडवा म्हणजे तांब्या, पायात काही नाही आणि वाटेत कोणाशी बोलणं नाही. जाऊबाईंनी हे वर्षानुवर्षं केलं. त्यांचे गुडघे गेले तेव्हा घागर माझ्या डोक्यावर आली, त्याला बावीस वर्षं झाली.

कार्तिकात आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली. नागपूरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि निघू नये तेच निघालं. स्तन काढावा लागणार होता. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, काढून जागा सपाट ठेवायची. दुसरी, त्याच ऑपरेशनमध्ये आत इम्प्लांट बसवायचं, म्हणजे वरून आकार राहतो. मी क्षणभरही न थांबता म्हटलं, बसवा.

जाऊबाई म्हणाल्या, "आता ह्या वयात कोणाले दाखवाचं हाय वं?" मी हसण्यावारी नेलं. खरं कारण मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. फाटलेलं पान आपण पूजेत ठेवत नाही. तडकलेला नारळ देवापुढे फोडत नाही. खंडित मूर्ती कितीही जुनी असली तरी तिला पाण्यात सोडतात. मग छाटलेल्या अंगाच्या बाईने मातामायची घागर कशी उचलावी? माझ्या मनाने हा हिशेब मांडला होता आणि त्यावर शिक्काही मारला होता. मला सुंदर दिसायचं नव्हतं. मला अखंड राहायचं होतं.

डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनी मला समोर बसवून एक एक गोष्ट सांगितली. आत रक्त साचू शकतं. वरची कातडी काळी पडू शकते. जंतू लागू शकतात, कधी लगेच, कधी महिन्या-दोन महिन्यांनी. आपलं अंग त्या परक्या वस्तूभोवती आवरण बांधतं, ते कधी आवळत जातं आणि जागा दगडासारखी कडक होते. ते जागेवरून सरकू शकतं, फुटू शकतं. जन्मभर पुरेल असंही नाही, आणि कधी काढूनच टाकावं लागतं. "ताई, ऐकताय ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा मान हलवली. कीर्तनात झोप लागलेला माणूस हलवतो तशी.

मग मराठीत छापलेला एक कागद दिला. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी या, असं वर मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली यादी. मी कागदाला नमस्कार केला, घरी आणला, चार घड्या घातल्या आणि देव्हाऱ्यात मातामायच्या अंगाऱ्याच्या डबीखाली ठेवून दिला. महत्त्वाची वस्तू आमच्या घरात तिथेच जाते आणि मग ती कोणी उघडून पाहत नाही.

माघात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पुढची औषधं गोळ्यांवर भागणार होती, तोही दिलासा होता. नळ्या निघाल्या, टाके वाळले. आरशात पाहिलं तर दोन्ही बाजू होत्या. डावीकडचं माझं वाटत नव्हतं, कोणाचं तरी सांभाळायला घेतल्यासारखं वाटायचं, पण होतं. तीन महिने वजन उचलायचं नाही आणि हात डोक्यावर न्यायचा नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. सातव्या आठवड्यात चैत्र लागला.

मी घागर उचलली. लहान घागर घेतली, अर्धीच भरली, उजव्या हाताने धरली, अशा सगळ्या सबबी मी स्वतःला दिल्या. पण डोक्यावरची घागर डगमगली की डावा हात आपोआप वर जातोच. ह्यांनी दारातून पाहिलं. "नको नेऊ" असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं, पण आमच्याकडे मातामायच्या कामात पुरुष बोलत नाहीत.

तिसऱ्या दिवशी छाती ठणकू लागली. चौथ्या दिवशी ताप भरला आणि डावी बाजू लाल झाली. हात लावला की चटका बसावा अशी गरम. त्याच आठवड्यात गल्लीतल्या दोन घरांत लेकरांना माता आली होती. डॉक्टर त्याला कांजिण्या म्हणतात. जाऊबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला, पदर सारून पाहिलं आणि हातच जोडले.

"माय आली वं तुह्या घरी. आता तोंडातून वाकडं काढू नोको."

मग जे करतात ते सगळं सुरू झालं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. घरात फोडणी बंद झाली. परक्या माणसाने आत यायचं नाही, गोळी नाही, सुई नाही. लाल जागेवर लिंबाचा पाला आणि हळद वाटून लेप दिला, टाक्यांच्या रेषेवरसुद्धा. ह्यांनी एकदा हळूच विचारलं, "डॉक्टरबाईले फोन लावू का?" जाऊबाई म्हणाल्या, "मातेच्या आंगाले सुई टोचतेत का कोणी? कोपली म्हंजे?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवून नाही म्हटलं.

दोष एकट्या जाऊबाईंचा नाही, म्हणून पुढचं लिहायला लाज वाटते तरी लिहिते. मला आनंद झाला होता. अंग तापाने फणफणत होतं आणि मी मनात म्हणत होते, ती आली. म्हणजे तिने मला टाकलं नाही. मी खंडित झाले नाही, याची पावती मिळाली. रबराचा एक गोळा शिवून घेऊन मी देवीला फसवू शकले, असा तो आनंद होता. त्यातलं वेडेपण आता कळतं.

सहाव्या दिवशी सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी गेले. ज्याला माता आली त्यानेच पाणी घातलं की ती लवकर थंड होते, असं जाऊबाईंचं म्हणणं होतं. वाट रोजचीच, पण संपेना. ओट्यापाशी पोचले आणि घागर उतरवून ठेवताना पाय गेले. तशीच लिंबाच्या बुडाशी बसले. गडवा हातात होता आणि थरथरत होता. समोर मातामाय होती आणि तिच्यापर्यंतची तीन पावलं मला चालवत नव्हती. मी मनात म्हटलं, माय, आता माझ्याने होत नाही. बावीस वर्षांत हे वाक्य मी तिला पहिल्यांदा म्हटलं.

ओट्याच्या पलीकडे एक बाई बसली होती. आधी दिसली नव्हती. साठीची असेल. विटलेलं हिरवं लुगडं, जवळ एक गाठोडं. ती उठून आली आणि माझ्या हातातून गडवा काढून घेतला.

"काहून वं माय, येवढी काहून थरथरून राहिली?"

वाटेत बोलायचं नसतं हे मी विसरले. म्हटलं, "माता आली आहे."

"कुठं?"

मी छातीकडे हात केला. तिने विचारलंही नाही, सरळ पदर सारला, हळदीचा वाळलेला लेप बोटाने थोडा खरवडला आणि वाकून पाहिलं. टाक्यांच्या टोकाशी पिवळट पाणी आलं होतं. ते मी पाहिलं नव्हतं, किंवा पाहायचं टाळलं होतं. मग तिने माझी उजवी बाजू पाहिली, पाठ पाहिली, दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"दाने कुठं हायेत?" तिने विचारलं.

"कसले?"

"मातेचे दाने. माह्या सात लेकराइले माता आली. माता आली का सगळ्या आंगाले येते, डोक्शापासून तळव्यापरेंत दाने देते. थे काय एकाच बाजूले येते का वो बाई? अर्धी माता मी तं कधी पायली नाही." मग टाक्यांवर बोट न टेकवता दाखवून म्हणाली, "हे कापलेलं हाय ना? आत काही ठेवलं हाय का?"

मी होय म्हटलं.

"मंग हे मायचं नोहे. हे दवाखान्याचं हाय. ज्यानं ठेवलं त्याच्याच जवळ जाय. आत्ता जाय, उद्या नोको म्हनू."

मी घागरीकडे पाहिलं. आजचं पाणी अजून घालायचं होतं आणि पुढे तीन दिवस बाकी होते. अर्धवट सोडलेला नवस म्हणजे काय, हे आमच्या घरात सांगावं लागत नाही. त्या बाईला माझं पाहणं कळलं असावं. तिने घागर आपल्याकडे ओढून घेतली.

"आजचं धरून चार रोज ना? मी घालतो. लेकीकडं आली हावो, बपेऱ्याची हाय मी. पानी काय, कोनाच्याही हातानं थंडच लागते तिले."

मी घागर सोडली. लिहायला दोन शब्द आहेत, पण तेवढं करायला मला त्या लिंबाखाली बराच वेळ लागला. तिने ओढताना मी काठ धरला होता आणि बोटं सुटत नव्हती. तिने ती एक एक करून सोडवली, रागाने नाही, पेंगलेल्या लेकराच्या मुठीतून खाऊ काढावा तशी. मग मी उठले आणि भिंती धरत घरी आले.

दारातूनच ह्यांना म्हटलं, "देव्हाऱ्यातला कागद काढा." त्यांनी काढला. अंगारा सांडून कागद राखेने भरला होता. ह्यांनी तो झटकला आणि मोठ्याने वाचू लागले. लालसरपणा, जागा गरम होणे, सूज, ताप, टाक्यांतून पाणी येणे. प्रत्येक शब्दाला त्यांचा आवाज खाली खाली जात होता. शेवटी वरच्या मोठ्या अक्षरांतले "त्याच दिवशी" हे शब्द त्यांच्याने वाचवेनात. तीन दिवस तो कागद आमच्या डोक्यापेक्षा उंचावर, अंगाऱ्याखाली, सगळं सांगत बसला होता. जाऊबाई बाहेर गेल्या आणि दाराचा डहाळा आपल्या हाताने काढून टाकला.

शेजाऱ्यांच्या गाडीने भंडाऱ्यावरून दुपारपर्यंत नागपूर गाठलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आत पू झाला होता. आणखी एक-दोन दिवस गेले असते तर विष रक्तात पसरून जिवावर बेतलं असतं, एवढंच त्यांनी सांगितलं आणि सलाइन सुरू केलं. आत धुऊन, औषधं देऊन इम्प्लांट वाचतं का ते दोन दिवस बघू म्हणाल्या.

ते दोन दिवस मी फक्त त्या गोळ्यासाठी प्रार्थना केली. माझ्या जिवासाठी नाही, हे खरं आहे. ताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई पलंगाजवळ बसल्या. "ताई, ते आत आहे तोवर जंतू हटणार नाहीत. काढू या. सहा महिन्यांनी सगळं नीट भरून आल्यावर पुन्हा विचार करता येईल, तेव्हा तुमची इच्छा असेल तर."

मी भिंतीकडे तोंड केलं. ह्यांना मग सगळं सांगितलं. फाटलेलं पान, तडकलेला नारळ, खंडित मूर्ती, सगळं. तीस वर्षांच्या संसारात एवढं मी एका दमात कधी बोलले नव्हते. ते ऐकत राहिले. बोलणं हा त्यांचा प्रांत नाही. पण म्हणाले, "ताना शाबूत हाय ना? मंग बाना कितीही येळा तुटू दे. आपुन काय तेवढ्यासाठी माग मोडतो का?" आणि डोळे पुसायला बाहेर गेले. मागावरच्या माणसाला ताना, उभा धागा, म्हणजे काय ते माहीत असतं. तो आहे तोवर आडवा बाना पुन्हा भरता येतो.

मी डोळे मिटले. मातामायपुढे मी नेहमी काही तरी मागत आले, नाही तर काही तरी कबूल करत आले. त्या दिवशी दोन्ही सुचलं नाही. लिंबाखाली त्या बाईने माझी बोटं सोडवली होती, तेवढं आठवलं. मनातल्या मनात हात उघडा केला आणि डॉक्टरबाईंना म्हटलं, काढा. ऑपरेशननंतर जाग आली तेव्हा ताप नव्हता. डावीकडे पट्टीखाली सपाट होतं. रडू आलं, पोटभर रडले, आणि मग कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

बारा दिवसांनी गावात आले. आमची घागर मातामायच्या ओट्यावर घासूनपुसून पालथी ठेवलेली होती, शेजारी गडवा. चारही दिवस पाणी पडलं, हे गल्लीतल्या बायांनी पाहिलं होतं. हिरव्या लुगड्याची कोणी तरी बाई होती, आम्हाला वाटलं तुमचीच पाहुणी, असं त्या म्हणाल्या. जाऊबाई दुखरे गुडघे घेऊन घरोघर विचारत फिरल्या. बपेऱ्याकडची सून गावात दोन घरांत आहे. एकीची आई कधीच वारली आहे आणि दुसरीची त्या वर्षी आली नव्हती. मी यावर काही म्हणत नाही. त्या बाईने लेकीचं घर ह्याच गावात आहे असं सांगितलंही नव्हतं, जवळपासच्या कोणत्याही गावाची असेल. माणूस होती की आणखी कोणी, ते शोधायचं मी सोडून दिलं. तिने मला दवाखान्यात पाठवलं, एवढं मला पुरतं.

पुन्हा इम्प्लांट बसवायचं की नाही, ते डॉक्टरबाईंनी सहा महिन्यांनी विचारलं. ज्यांना बसवायचं त्यांनी जरूर बसवावं, पुष्कळ जणींचं छान होतं. मी नको म्हटलं. थकवा होता हे एक. आणि ज्यासाठी हवं होतं ते कारण आता माझ्याजवळ शिल्लक नव्हतं. मऊ सुताची एक गादी शिवली आहे, बाहेर जाताना लावते. कधी विसरते.

यंदा चैत्र लागला तेव्हा जाऊबाईंनी घागर काढली आणि माझ्यापुढे ठेवली. वर्षभर त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "मी तं तुले मारलंच होतं वं."

"मीबी तं हो म्हटलं होतं," मी म्हटलं. "चला, दोघी जाऊ."

घागर घेतलीच नाही. दोघींनी एक एक गडवा घेतला आणि त्यांच्या गुडघ्यांच्या चालीने, थांबत थांबत गेलो. मी उजव्या हाताने पाणी घातलं. वर्षभराचा शेंदूर ओला होऊन ओघळला आणि मी खाली वाकून पहिल्यांदा नीट पाहिलं. बावीस वर्षं मान खाली घालून पाणी घालत होते, पाहिलं कुठे होतं? आमची मातामाय म्हणजे तीन ओबडधोबड दगड. हात नाहीत, छाती नाही. मधला दगड वरपासून खालपर्यंत तडकलेला आहे. जाऊबाईंना विचारलं, हा कधीपासून असा? म्हणाल्या, "मी लग्न होऊन आली तवापासून असाच हाय. काहून?"

त्या भेगेतून पाणी आत झिरपत होतं. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. खंडित चालत नाही, मातेला सुई चालत नाही, दवाखाना चालत नाही, हे सगळं आम्ही बायांनी तिच्या तोंडी घातलं होतं. तिला तर तोंडही नाही.

गडवा रिकामा करून तिच्यापुढे पालथा घातला, जाऊबाईंचा हात धरला आणि घरी आले. हे उठले होते. मागाचा आवाज येत होता. मी कांड्या भरायला बसले.